खांबावरचा लाल स्वेटर

त्या वर्षी साचेवाल्याचे साचे उशिरा झाले. तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. भट्टीवर माणसं यायच्या आधी आठ दिवस त्याच्या पडवीत साचे एकावर एक रचून तयार असायचे, कडा घासलेल्या, कोपऱ्यांना पत्र्याच्या पट्ट्या ठोकलेल्या. ओल्या चिखलाने लाकूड झिजतं. साचा ढिला पडला की वीट वाकडी येते. म्हणून विटा पाडणाऱ्या बायका नवा साचा हातात घेतला की आधी त्याचा कोपरा बोटाने ठोकून बघायच्या आणि साचेवाल्याला बऱ्यावाईट चार गोष्टी ऐकवायच्या. त्या वर्षी कोणी काही ऐकवलं नाही. सकाळी कुणाला तरी टाकून बोलल्याशिवाय मुकादमाला चहा गोड लागत नसे, पण तोही पडवीत येऊन नुसता उभा राहिला आणि म्हणाला, "होतील तसे दे." साचेवाल्याला ते शिव्यांपेक्षा जड गेलं.

दोन महिन्यांपूर्वी त्याची बायको गेली होती. आठ दिवस खोकली आणि नवव्या दिवशी गेली. भट्टीवर तिला सगळे शाळावाली म्हणायचे. शाळा म्हणजे भट्टीच्या कडेची एक खोली. पत्र्याचं छप्पर, एक खिडकी, जमिनीवर चटया, कोपऱ्यात पाण्याचं पिंप. भट्टीवर राबणाऱ्यांची दोन ते सहा वर्षांची पोरं तिथे ती सांभाळायची, त्यांना गाणी, रंग, आकडे शिकवायची. बावीस हंगाम तिने हे केलं.

ती गेल्यावर शिक्षण कचेरीतून पत्र आलं. मुकादमाने ते चारचौघांत वाचून दाखवलं. नवी बाई नेमेपर्यंत शहरातल्या कॉलेजची मुलं येऊन शिकवतील, पगार न घेता. चाळीस दिवसांनी साहेब बघायला येतील. पोरं येत असली तर शाळा चालू राहील आणि बाई नेमली जाईल. येत नसली तर खोली भट्टीच्या मालकाला परत. पत्र संपल्यावर मुकादम म्हणाला, मालकांना कोळशाला कोरडी जागा हवीच आहे. आणि दुसऱ्या दिवशी तो टेप घेऊन आला आणि खोलीची लांबीरुंदी बाहेरूनच मोजून गेला.

कॉलेजची मुलं आली ती साडेनऊच्या बसने. एक उंच मुलगी, इतकी उंच की दारातून आत येताना तिला वाकावं लागे, आणि एक चष्मेवाला मुलगा. दोघांच्या पाठीवर पिशव्या, हातात गुंडाळलेले तक्ते. साचेवाला पडवीत रंधा मारत बसला होता. त्याची चार वर्षांची नात शेजारी लाकडाच्या भुशात पाय पसरून बसली होती. ती एक घास अर्धा तास चघळायची म्हणून तिला सगळे गोगलगाय म्हणत, आणि त्याचं पुढे गोगी झालं होतं.

"काका, शाळेची किल्ली तुमच्याकडे असते ना?" मुलीने विचारलं.

साचेवाल्याने कनवटीची किल्ली काढून तिच्या हातात दिली. मनात आलं ते एवढंच, की साडेनऊला शाळावालीचा अर्धा दिवस झालेला असायचा.

दोघांनी खोली झाडली, जाळी काढली, पिंप घासलं, भिंतीवर तक्ते लावले. चष्मेवाल्याने पिशवीतून पितळी घंटा काढली आणि दारात उभा राहून वाजवली. पलीकडे चिखल कालवायच्या खड्ड्यांजवळ पाणी ओढणारं इंजिन धडधडत होतं. त्या आवाजात माणूस शेजारच्याला ओरडून सांगायचा, तिथे घंटेचं काय होणार. तो दहा मिनिटं वाजवत राहिला. शेवटी गोगी उठली, भुसा झटकला आणि जाऊन त्याच्यासमोर उभी राहिली, घंटा बघायला.

पहिले आठ दिवस शाळेत तेवढी एक गोगी. दोन शिकवणारे आणि शिकणारी एक. एकाने तक्ता धरायचा, दुसरीने काठी लावून दाखवायचं. तिने कंटाळून जांभई दिली की दोघं एकदम विचारायचे, पाणी हवं का. मुकादम जाता-येता खिडकीतून डोकवायचा आणि म्हणायचा, एवढी शिकवणी तर मालकाच्या पोरालाही नाही.

पोरं का येत नाहीत, हे साचेवाल्याला ठाऊक होतं.

थंडीच्या दिवसांत विटा पाडायचं काम पहाटे सुरू होतं. रात्रभर भिजलेला चिखल पहाटे हाताला बरोबर लागतो, आणि ऊन वर यायच्या आत रांगा पडलेल्या बऱ्या, नाहीतर तडे जातात. आया चारला उठायच्या आणि झोपलेली पोरं खांद्यावर टाकून निघायच्या. शाळावाली पाचला खोली उघडायची. उघडली की आपला जुना लाल स्वेटर काढून दारासमोरच्या दिव्याच्या खांबावर अडकवायची. धुक्यात, इंजिनाच्या गोंगाटात, खड्ड्यांपासून दोन शेतं पलीकडे तेवढा एक लाल ठिपका दिव्याखाली दिसायचा. तो दिसला म्हणजे शाळावाली आली. मग आया पोरं आणून चटयांवर टाकायच्या आणि कामाला जायच्या. पोरं आठपर्यंत झोपायची. मग तोंडं धुणं, मग गाणी. ती आजारी असली, की स्वेटर खांबावर नसायचा आणि पोरं खड्ड्यांजवळच राहायची. हे कोणी ठरवलं नव्हतं, लिहिलं नव्हतं. पहिल्या हंगामात तिने एकदा झाडलोट करताना उकडलं म्हणून स्वेटर काढून तिथे अडकवला आणि तोच पायंडा पडून गेला.

आता स्वेटर साचेवाल्याच्या पेटीत होता. ती गेली त्या आठवड्यात त्याने तो घडी करून तळाला ठेवला, कसर लागू नये म्हणून वर डांबरगोळ्या टाकल्या. अधूनमधून तो पेटी उघडायचा, स्वेटर नाकाला लावायचा. सुरुवातीला तिचा वास येत होता. मग तिचा आणि डांबरगोळीचा. हल्ली त्याला नीट कळत नव्हतं की कुठला किती.

म्हणून बायका खांबाकडे बघायच्या, स्वेटर नाही म्हणजे शाळा नाही असं समजायच्या, आणि साडेनऊला कुणी घंटा वाजवली तरी तोपर्यंत पोरं चिखलात रमलेली, आईचा दुसरा ढीग अर्ध्यावर आलेला. काम टाकून त्यांना शाळेपर्यंत पोचवायला कोण येणार?

एवढं सांगायला दोन मिनिटं पुरली असती. साचेवाला ती दोन मिनिटं रोज उद्यावर ढकलत होता. त्यांनी विचारलं कुठे, असं तो स्वतःला सांगायचा. पण रंधा मारताना डोळ्यांपुढे यायचं, की दुसऱ्याच कुणाचा हात तो स्वेटर खांबाला अडकवतोय. मग रंधा लाकडात जरा जास्तच खोल जायचा.

दुसऱ्या आठवड्यात दोघं मुलं खड्ड्यांवर गेली, आयांना समजवायला. शिक्षण किती महत्त्वाचं, हे मुलीने सांगायला सुरुवात केली. बायका काम थांबवू शकत नव्हत्या. चिखलाचा गोळा उचलायचा, राखेत लोळवायचा, साच्यात आपटायचा, हाताने वरचा चिखल ओढून काढायचा, दोन पावलं जाऊन साचा उलटा करायचा, परत यायचं. मुलगी त्यांच्या मागे मागे, त्या जातील तिकडे, बोलत होती. बायकांच्यात एक होती तिला तोफ म्हणत. तिने एकदाही वर न बघता म्हटलं, "ताई, माझ्या मागं येऊन येऊन तुझ्यापण शंभर विटा झाल्या बघ. साचा देऊ का हातात?"

सगळ्या हसल्या. मुलगी लाजून मागे सरली ती थेट चिखलाच्या खड्ड्यात, गुडघ्यापर्यंत. पाय निघाला, बूट आतच राहिला. दोन माणसांनी हात घालून शोधला, सापडला नाही. चष्मेवाल्याने आपले मोजे तिला दिले. बसपर्यंत ती एका पायात बूट आणि दुसऱ्या पायात दोन मोजे घालून चालत गेली. पडवीपुढून जाताना तिने साचेवाल्याकडे बघितलं नाही.

त्या संध्याकाळी जेवताना सुनेने विषय काढला. तीही खड्ड्यावर विटा पाडायची. साचेवाल्याचा मुलगा भट्टीच्या तोंडाशी कोळसा घालायचा. सुनेच्या बोटांची टोकं थंडीने फाटली होती, घास घेताना ती बोटं जरा लांब धरायची. म्हणाली, ती पोरगी उरलेला बूट नीट पुसून पायात घालून गेली, घरी जाऊन एका बुटाचं काय करणार होती कुणास ठाऊक.

साचेवाला जेवत राहिला.

"बाबा, त्यांना सांगा ना आई काय करायच्या ते."

"मला कुणी विचारलंय?"

"कुणी विचारलं नाही म्हणून तुमचं बरं चाललंय," सून म्हणाली. मुलाने तिच्याकडे डोळे वटारले. तिने तापलेल्या तव्यावरून हात फिरवावा तशी त्याच्यावरून नजर फिरवली आणि उठून भांडी गोळा करू लागली. "गोगी तुमच्यापाशी भुशात उबेला बसते. बाकीच्यांची पोरं पहाटे कुठे असतात, ते बघायला या एकदा."

तो गेला नाही.

पुढच्या आठवड्यात एके दिवशी इंजिन बंद पडलं. पाणी नाही म्हणजे चिखल नाही. बायकांना अर्धा दिवस सुटी मिळाली, आणि गोगीच्या मागून पाच पोरं खोलीत शिरली. मुलगी हरखून गेली. तिने शहरातून आणलेली मऊ माती पिशवीतून काढली, सगळ्यांना गोळे दिले आणि सांगितलं, काय हवं ते करा. हत्ती करा, ससा करा, फूल करा.

साचेवाला खिडकीची खिटी दुरुस्त करायच्या निमित्ताने बाहेर उभा होता. पोरं वाकून, ओठ दाबून कामाला लागली होती. थोड्या वेळाने मुलीच्या लक्षात आलं की सगळी एकच गोष्ट करताहेत. विटा. बोटाएवढ्या, चारी कोपरे धरून, सरळ रांगेत मांडलेल्या. एका पोराने तर धूळ गोळा करून आधी गोळा तिच्यात लोळवला होता. दुसऱ्याचा पाय रांगेवर पडला तशी तोफेची मोठी पोरगी कमरेवर हात ठेवून हुबेहूब मुकादमाच्या आवाजात म्हणाली, "कुणाचा रे हा पाय? कापून ठेव तिकडं." चष्मेवाल्याला हसू आवरेना.

मुलीला हसू आलं नाही. ती गोगीशेजारी बसली. गोगीने रांगेतल्या पहिल्या विटेवर नखाने तीन रेघा ओढल्या.

"हे काय काढलंस?"

"आमची," गोगी म्हणाली.

भट्टीवर प्रत्येक घर आपल्या रांगेच्या पहिल्या विटेवर खूण करतं, कुणाच्या अंगठ्याचे दोन खड्डे, कुणाची फुली, म्हणजे रांगांची अदलाबदल होत नाही. मुलीला ते कुणी सांगितलं नव्हतं. तिने बाकीच्या रांगा बघितल्या. प्रत्येकीवर वेगळी खूण होती. पोरं गेल्यावर तिने त्या विटा मोडल्या नाहीत, फळीवर वाळत ठेवल्या.

दुपारी ती पडवीत आली. उभ्यानेच म्हणाली, "काका, खरं सांगा. काकू त्यांना कशा बोलवायच्या?"

आता विचारलं होतं. साचेवाल्याने हातातली फळी डोळ्यासमोर धरून तिची धार बघितली, जणू त्या धारेत काही अडकलं होतं.

"खेळवायची," तो म्हणाला. "गाणी म्हणायची. पोरांना आवडायची ती."

मुलीने मान हलवली आणि थोडा वेळ थांबून निघून गेली. तिला वाटलं असणार, आपण आवडत नाही, एवढंच आहे. ते साचेवाल्याला दिसलं, आणि तरी त्याने तिला परत हाक मारली नाही.

त्यानंतर चारच दिवसांत ते झालं.

बरोबर बसेना म्हणून तोफेने साचा परत पाठवला होता. कोपरा नीट करून साचेवाला तो पहाटे स्वतःच द्यायला निघाला. हंगामात पहिल्यांदा तो त्या वेळी खड्ड्यांकडे गेला. धुकं इतकं, की चालताना आपले पाय दिसत नव्हते. वाळत घातलेल्या विटांच्या रांगा दोन्ही बाजूंनी कमरेएवढ्या रचलेल्या, त्यांच्यावर गवत आणि पोती टाकलेली. पोत्यांमधून मधूनच वाफ निघत होती. जवळ गेल्यावर त्याला कळलं की ती वाफ नव्हे, श्वास आहे. पोरं पोत्यांखाली झोपली होती. विटा दिवसभराची ऊब धरून ठेवतात, म्हणून आयांनी त्यांना रांगांमध्ये खुपसून ठेवलं होतं. इथे एक, पलीकडे दोन, पुढे आणखी.

मागून ट्रॅक्टर उलटा येत होता, सुक्या विटा भरायला. ड्रायव्हरचं डोकं मागे वळलेलं, पण धुक्यात त्याला रांगेचं टोकही धड दिसत नव्हतं. ट्रॉलीच्या चाकापासून चार हातांवर एक पोतं हललं.

साचेवाला ओरडला. इंजिनाच्या आवाजात त्याचा त्यालाच आवाज आला नाही. हातातला साचा त्याने सगळ्या ताकदीने ट्रॉलीच्या लोखंडावर फेकला. खणकन आवाज झाला. ट्रॅक्टर थांबला. ड्रायव्हर शिव्या देत उतरला, आणि पोतं बघून मध्येच गप्प झाला.

पोत्याखाली तोफेचं दोन वर्षांचं पोर होतं. जागंसुद्धा झालं नव्हतं. चाक आणि त्याच्यात जेमतेम एक हात अंतर. तोफ धावत आली, पोराला उचलून छातीशी धरलं, त्याचे हातपाय चाचपले, पुन्हा चाचपले. तिच्या चिखलाच्या हातांचे पंजे पोराच्या अंगभर उमटले. मुकादम आला आणि म्हणाला, पोरांना इथे निजवू नका म्हणून हजारदा सांगितलंय. उजाडत होतं, चिखल घट्ट व्हायला लागला होता. पाच मिनिटांत सगळ्या कामाला लागल्या. तोफेने पोर पाठीला बांधलं आणि तशीच वाकून विटा पाडू लागली.

साचेवाल्याने साचा उचलला. चारही सांधे निखळले होते. तो फळ्या काखेत घेऊन परत आला आणि पडवीत बसून राहिला. गोगी भुशात पालथी झोपली होती, तोंड उघडं टाकून, उबेत. तो तिच्याकडे बघत राहिला.

साडेनऊला दोघं मुलं बसमधून उतरली, तेव्हा तो बसच्या थांब्यावर उभा होता. आयुष्यात तो कुणाला घ्यायला तिथे गेला नव्हता.

"मी तुम्हाला खोटं सांगितलं," तो मुलीला म्हणाला. "नुसतं खेळवायची नाही ती."

आणि मग तिथेच, रस्त्याच्या कडेला, पहाटे पाचपासूनचं सगळं सांगितलं. चटया, झोप, तोंडं धुणं, खांब. पहाटेचं पोतंही सांगितलं. स्वेटर माझ्या पेटीत आहे, हे सगळ्यात शेवटी सांगितलं. चष्मेवाला खाली बघत राहिला. मुलगी चिडेल असं त्याला वाटलं होतं, आणि चिडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "पण काका, पहिली बसच आठला सुटते."

"खोली मी उघडीन. झोपलेली पोरं सांभाळायला शिकलेलं माणूस लागत नाही. उठली की तुमची."

तरीही मुलगी पहिल्या दिवशी यायचंच म्हणाली. त्या रात्री ती सुनेपाशी झोपली. सुनेने तिच्या पायाशी आपली गोधडी टाकली आणि चिखलात घालायला आपले जुने बूट दिले. ते एक बोट आखूड झाले; ती मागची बाजू दुमडून घालायची.

पहाटे साचेवाल्याने पेटी उघडली. स्वेटर बाहेर काढून नाकाला लावला. डांबरगोळी. त्याने पुन्हा लावला, काखेत, गळ्याशी, जिथे जिथे वास राहतो तिथे. मग घडी मोडली आणि तो खांद्यावर टाकून बाहेर पडला.

खांबाला एक खिळा होता, शाळावालीच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर. तिने पहिल्या वर्षी सांगितलं होतं म्हणून त्यानेच ठोकलेला. खिळा गंजला होता. मुलगी मागे उभी होती. तिचा हात सहज पोचला असता, पण ती पुढे आली नाही. साचेवाल्याने स्वेटर गळ्यापाशी धरून अडकवला, बाह्या ओढून नीट केल्या आणि आत जाऊन चटया पसरू लागला.

पाव तास काही झालं नाही. मुलगी दारात उभी होती. म्हणाली, खड्ड्यांजवळ एक बाई साचा हातात धरून थांबली आहे, बघते आहे इकडे. आता दोघी. मग म्हणाली, येताहेत.

सगळ्यात पुढे तोफ होती. खांद्यावर पोर, दुसऱ्या हातात मोठ्या पोरीचा हात. ती खांबाखाली थांबली, मान वर करून स्वेटर बघितला आणि साचेवाल्याकडे वळली.

"काय भाऊ, इतके दिवस धुवायला टाकला होता काय?"

तिने उत्तराची वाट बघितली नाही. आत शिरून पोराला मुलीच्या हातात दिलं आणि गेली. झोपेतच पोराने मुलीच्या गळ्यात हात टाकले. मुलगी तशीच ताठ उभी राहिली, हलावं की नाही हे न कळून.

"आता काय करू?" तिने हळूच विचारलं.

"टेकव खाली. पाठीवर हात ठेव थोडा वेळ," साचेवाला म्हणाला. "पहिला धडा झोपेचा."

आठला उठली तेव्हा तेवीस पोरं होती. चष्मेवाला साडेनऊच्या बसने आला आणि दारातच थबकला. त्याने घंटा पिशवीतून काढलीच नाही. हजेरीसाठी मुलीने एक फळी मागून घेतली, तिच्यावर ओल्या मातीचा थर दिला आणि प्रत्येकाला आपल्या घराची खूण करायला सांगितलं. अंगठ्याचे खड्डे, फुल्या, रेघा. गोगीची खूण करून व्हायला सगळ्यांत जास्त वेळ लागला.

साहेब आले ते ठरलेल्या दिवशी, अकराला. हातात छापील कागद होता. पोरं मोजली, तक्ते बघितले, एका पोराला रंग विचारले. लाल कुठला, असं विचारल्यावर पोराने बाहेर खांबाकडे बोट दाखवलं. साहेबांनी तिकडे बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तपासणीच्या दिवशी तरी दारात कपडे वाळत घालू नयेत."

"सर, ती आमची घंटा आहे," मुलगी म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. साहेब ऐकत होते. मुकादम टेपची पट्टी बाहेर ओढत आणि आत सोडत दारात उभा होता. शेवटी साहेबांनी शाळेची वेळ विचारली. पहाटे पाच, साचेवाला म्हणाला. साहेबांनी कागद उलटापालटा केला. छापलेल्या रकान्यात दहा ते एक असं होतं, दुसरं काही लिहायला जागा नव्हती. "मी दहा ते एकमधलंच बघितलंय," ते म्हणाले, "आणि दहा ते एक पोरं आहेत." सही केली. नवी बाई पुढच्या महिन्यात येईल, तोवर ही मुलं येतील. बाईला तेवढं पाचचं तुम्ही समजावून सांगा, हे त्यांनी जाता जाता साचेवाल्याला सांगितलं, कागदात न बसणारं काम कुणावर तरी टाकावं तसं. मुकादमाने टेप खिशात घातला. म्हणाला, कोळशाला ताडपत्री घालावी लागणार मग.

संध्याकाळी आया पोरं घेऊन गेल्या. कॉलेजच्या मुलांना बसवर पोचवून साचेवाला परत आला. खोली झाडली, पिंप भरून ठेवलं, कुलूप लावलं आणि खांबावरचा स्वेटर काढला. दिवसांमागून दिवस बाहेर राहून त्याचा रंग खांद्यावर उतरला होता. एका बाहीवर चिखलाचा छोटा पंजा होता, कुणाचा ते कळत नव्हतं. घरी न्यायला म्हणून त्याने तो घडी केला, आणि सवयीने नाकाला लावला.

डांबरगोळी गेली होती. धुराचा वास होता, ओल्या चिखलाचा, पोरांच्या नाकाडोळ्यांचा. तो खांबापाशीच थांबला. संध्याकाळी ती दार ढकलून आत यायची, पाय धुवायच्या आधी चुलीपाशी येऊन बसायची, तेव्हा घरभर हाच वास पसरायचा. आधी पाय धू, असं तो तिला रोज म्हणायचा. पेटीत इतके दिवस त्याने जपून ठेवलं होतं ते दुसरंच काहीतरी होतं.

तो घरी गेला नाही. कुलूप काढून परत खोलीत आला. दाराच्या आतल्या बाजूला, उद्या पहाटे अंधारात हाताला लागेल अशा उंचीवर, त्याने एक खिळा ठोकला आणि स्वेटर तिथे अडकवला.